पायाळू माणसाचे पाय

आठवडाभर सायकल हाणत माळ तुडवायचं वय माहं राह्यलं नव्हतं, पण सांगतो कोणाले! बहात्तरच्या दुष्काळात पाण्याच्या खात्यातला सोहोनी नावाचा पोरगेलासा सायेब देऊळघाटले माह्या दारात आला अन् म्हणे, "उकंडराव, सात दिवसांत सात गावं, सात विहिरींच्या जागा. तुम्ही बरोबर हवेत." त्याची जीप बंद पडेल होती. म्हणून दोन सायकली, एक राहुटी अन् माहे पाय, एवढं घेऊन आमी निघालो.

पाय कायले, तं मी पायाळू. म्हणजे मायच्या पोटातून पायाकडून जन्मलेला. आमच्याकडं लोक मानतात का पायाळू माणूस अनवाणी उभा राह्यला म्हणजे भुईतलं पाणी त्याच्या पायाले कळते. सायेब नकाशे पाहून खुंटी ठोके, पण मी जोडे काढून त्या खुंटीपाशी उभा राहत नाही तोवर गावातला एक गडी कुदळ उचलत नसे. मी मान हलवली का नारळ फुटे.

आता खरं सांगतो. मी पायाळू नव्हतोच. माह्याआधी मायची चार लेकरं गेली. मी झालो तवा जगावं म्हणून मले उकिरड्यावर लोळवलं अन् उकंडा नाव ठेवलं. तेवढ्यानंही तिचा जीव थाऱ्यावर येईना. पायाळू पोराच्या वाटेले कोणी जात नाही असं तिले वाटे, म्हणून तिनं गावभर सांगून टाकलं का पोरगं पायाळू झालं. मरताना माय, मनकर्णाबाई, हे मले एकट्याले सांगून गेली. मी गप राह्यलो. सायेबाच्या खुंटीपाशी मान हलवायची, त्यात कोणाचं वाईट होत नव्हतं.

पण काय तो आठवडा, बाप्पा! गवताची काडी नाही का पाखराचा आवाज नाही, नुसतं तापेल दगड. बाभळीच्या काट्यानं दिवसातून चारदा ट्यूब फुटे. चढ आला का सायकल खांद्यावर. सायकलीनं आमाले नेलं नाही, आमीच सायकलीले सात गावं फिरवून आणलं. गावात पाहुण्याले द्याले पाणी नव्हतं, म्हणून सायेब राहुटी गावाबाहेर ठोके. मी म्हणो, "सायेब, घरी झोपाले काय झालं?" तो म्हणे, "त्यांच्या रांजणातलं एक भांडंही आपण प्यायला नको." भला माणूस होता. चवथ्या दिवशी माह्या पायाले फोड आले, तं त्यानं आपले मोजे काढून मले देल्ले.

सातवं गाव उंद्रीच्या पलीकडली वस्ती. तठी माही लेक कोकिळा देली होती. दोन कोसांवरून डोक्यावर हंडे घेऊन दिवसाच्या दोन खेपा करून तिच्या टाळूवरचे केस गेले होते. पोरगी पदर सरकू देत नव्हती, पण बापाले दिसतेच ना! सरकार गावाले एकच विहीर देणार होतं. सहा गावांत मी नुसती मान हलवली. अठी मात्र मनापासून वाटलं, बावा, अठी पाणी लागलंच पाहिजे.

सायेबानं खुंटी नाल्याच्या वळणावर ठोकली. तठी जायची वाट माह्या इवायाच्या, म्हणजे कोकिळेच्या सासऱ्याच्या, भगवानरावाच्या वावरातून. अवघं गाव मागं. पाया पडणाऱ्यांसाठी जोडे मी वेशीतच काढले होते. वावराच्या मधात आलो अन् पाय पुढं पडेनात. सावरायच्या आत मी धपकन भुईवर बसलो.

"लागलं! पाणी लागलं!" एकच गलका झाला. भगवानराव नारळ घेऊन धावत आला.

"अहो, थकलो म्हणून बसलो!" मी म्हटलं.

"इवाई, पायाळूले कायचा थकवा? पाण्यानं ओढलं तुमाले." तो हसला अन् कुदळ माह्या हाती देल्ली. पह्यला घाव तुमचाच म्हणे.

सायेब माह्या कानाशी आला. त्याचं तोंड उतरलं होतं. "उकंडराव, इथं खाली नुसता पाषाण आहे. शंभर फूट गेले तरी कोरडंच. सांगा त्यांना."

सांगू तं काय सांगू? माहे पाय बोलले म्हणजे नकाशाले कोण इचारते! बायांच्या घोळक्यात कोकिळा रिकामा हंडा घेऊन उभी होती. मी तोंड उघडलं का तिले जलमभर त्या घरात टोमणे खात राहा लागन. नाही उघडलं तं जलमभर हंडे. मले रडू येऊन राह्यलं होतं. माय, माफ कर, म्हटलं, अन् उठून उभा राह्यलो.

"मी पायाळू नाही. चारचौघांसारखा डोक्याकडून जनमलो. माय खोटं बोलली अन् मी ते चालवलं. मले जमिनीतलं काही कळत नाही. खुंटी सायेबाची खरी."

मंग भगवानराव म्हणे, "म्हणजे आमच्या घरात लबाडाची लेक नांदते?"

कोकिळेनं हंडा खाली ठेवला, माह्या हातची कुदळ घेतली अन् तरातरा नाल्याकडं गेली. "लबाडाची असन," मागं न पाहता ती म्हणे, "पण पाणी तं मलेच आणा लागते ना!" तिनं खुंटीपाशी घाव घातला. एक-एक करून साऱ्या बाया तिच्या मागं गेल्या. गडी बसले पाहत, मंग तेही लाजून उठले.

एकोणिसाव्या दिवशी पाणी लागलं. मले बोलावणं आलं. भगवानरावानं परात मांडली अन् पह्यल्या पाण्यानं गावादेखत माहे पाय धुतले. "इवाई, काऊन नाकबूल जाता? घाव तुमच्या लेकीच्या हातचा. रक्तातच हाय ते!" मी नाही-नाही म्हणून थकलो. आयुष्यात एकदा खरं बोललो, तं ते कोणी मानाले तयार नाही. सायेबाची चिठ्ठीही येऊन पडेल होती, सोमवारपासून आणखी सात गावं.

संध्याकाळी कोकिळेनं पाणी ऊन केलं अन् माहे पाय शेकाले बसली. टाचेच्या फोडांचे वण अजून गेले नव्हते.

"बाबा, त्या दिवशी वावरात काय झालं होतं? खरं सांगा."

"थकलो होतो, बाई. दुसरं काही नाही."

"हाव," ती म्हणे, "मले दिसलं होतं."

तवा मात्र मी ढसाढसा रडलो.