शेळ्यांच्या कप्प्यातला शोध

वर्गीकरणाच्या टेबलावरच्या बाईंचं डोकं सकाळीच तापलं होतं. त्यांचं काम पेटंटचे अर्ज वाचून ते कुठल्या वर्गात बसतात हे ठरवायचं. नव्या अर्जासारखं जुनं काही आहे का, हे परीक्षक त्या-त्या वर्गातच शोधतो. वर्ग चुकला, की जुनं काम असून नसल्यासारखं.

मंजुरीआधी शेवटची नजर टाकायला एका बड्या कंपनीची फाइल आली होती. कंपनीचा शोध असा: मोबाइलचा टॉवर लांब असला तर यंत्रानं निरोप शेजारच्या यंत्राला द्यायचा, त्यानं पुढच्याला, असं करत टॉवर गाठायचा. बिनतारी जाळ्यांच्या वर्गात परीक्षकाला असं काहीच सापडलं नव्हतं.

बाईंनी मात्र असं काहीतरी आधी वाचलं होतं. नोकरीला लागल्यावर शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून जुन्या फायली वाचून त्या काम शिकल्या होत्या. त्यांनी ती फाइल शोधून काढलीच. नऊ वर्षांपूर्वीचं, एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं पेटंट: 'शेळ्यांच्या गळ्यातला पट्टा'. युक्ती हुबेहूब तीच, एका पट्ट्यानं निरोप पुढच्या पट्ट्याला द्यायचा. वर्ग, पशुपालन. खाली वर्ग ठरवणाऱ्याची सही, आताच्या मोठ्या साहेबांची.

"साहेब, तुम्ही नुसतं शीर्षक वाचलंत!"

"दिवसाला चाळीस अर्ज उपसायचो हो. शीर्षकात शेळी दिसली, टाकला शेळ्यांत."

"आणि निरोप? तो काय शेळ्या एकमेकींच्या कानात सांगतात?"

साहेब हसले. "जाऊ द्या बाई. आता दुरुस्ती म्हणजे वरपर्यंत बोभाटा. तो माणूस थोडाच विचारायला येतोय?"

"येतो! दर वर्षी खिडकीवर येतो. माझ्यासारखं कोणी काही मागितलंय का, विचारतो. आपण पशुपालनाचा कप्पा बघतो आणि 'नाही' सांगून त्याला वाटेला लावतो. लाज वाटते मला!"

बाईंनी वर्गबदलाचा कागद पुढे सरकवला. "सही करा. नाहीतर नकार लिहून द्या, तारीख घालून."

"बदली होईल तुमची."

"तेही लिहा."

साहेबांनी पेन उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. नकार लिहायची काही छाती होईना. शेवटी चडफडत सही ठोकली.

पट्ट्याची फाइल शिपायाकडे न देता बाई स्वतः दोन जिने चढून परीक्षकाकडे गेल्या आणि तो वाचून होईपर्यंत खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. तिसऱ्या पानावर तो थांबला. कंपनीची फाइल त्यानं मंजुरीच्या गठ्ठ्यातून उपसून बाजूला ठेवली.

बाईंचा राग तरी उतरेना. त्या माणसाला फोन करायचा होता. नंबर लावला, पण नऊ वर्षं चुकीच्याच कप्प्यात बघून 'नाही' म्हणत आलो, हे कसं सांगायचं, तेच सुचेना.