फोन न करणारी आई

कुठे ओळख निघाली की फोन करून आपला नंबर थोडा पुढे सरकवून घ्यायचा, हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलंय. उगाच नाही कशाला म्हणायचं! मुलांच्या इस्पितळात ऑपरेशनच्या तारखा देणाऱ्या भाऊसाहेबांना असे फोन दिवसभर यायचे. माणूस मनाने वाईट नव्हता, पण आजाराच्या साथीने त्यांचा पार जीव मेटाकुटीला आणला होता. साथीत आजारी पडलेल्या मोठ्या माणसांनी सगळ्या खाटा भरल्या, भूल देणारे डॉक्टर तिकडे गेले आणि मुलांची ऑपरेशनं बंद पडली. भाऊसाहेबांनी दोनशे घरी स्वतः फोन करून सांगितलं, "तारीख पुढे गेलीय. आम्हीच कळवू, तुम्ही फोन करू नका."

चौदा महिन्यांनी साथ ओसरली. आता दर गुरुवारी चार मुलांची ऑपरेशनं होणार होती. चार जागा आणि दोनशे मुलं. भाऊसाहेबांनी आपल्यापुरती वाट काढली. जो जास्त डोकं खाईल त्याला आधी तारीख द्यायची, आणि ज्यांनी वर्षभरात एकदाही फोन केला नाही त्यांच्या नावावर काट मारायची.

ते अशी काट मारत बसले होते, तेवढ्यात मोठ्या सिस्टर आत आल्या. मुलांच्या वॉर्डात त्यांची तीस वर्षं गेलेली, त्यामुळे डॉक्टरसुद्धा त्यांच्यापुढे जपून बोलत.

"हे काय चाललंय, भाऊसाहेब?"

"यादी साफ करतोय. यांनी दुसरीकडे करून घेतलं असणार. गरज असती तर फोन केला नसता का?"

सिस्टर खुर्ची ओढून बसल्या. "येत्या गुरुवारी तो कानामागच्या गाठीचा मुलगा आहे ना? त्याच्या वडिलांचे किती फोन आले?"

"रोज एक. वरून साहेबांकडूनही सांगणं आलं."

"ती साधी गाठ. आणखी वर्षभर राहिली तरी काही बिघडत नाही, असं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. आणि तुम्ही काट मारलीत ती ही पोरगी बघा. तोंडातली टाळू जन्मापासून फाटलेली. तेव्हा नऊ महिन्यांची होती, आता दोन वर्षांची होत आली. टाळू मूल बोलायला लागायच्या आत शिवायची असते. इस्पितळ थांबलं, ते मी समजू शकते. पण पोरं वाढायची थांबतात का?"

भाऊसाहेबांनी जरा चिडूनच फोन लावला. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला आणि मुलीची आई बोलली.

"नाही हो साहेब, दुसरीकडे कुठे होणार? वाट बघतोय."

"मग एक फोन नाही का करायचा, ताई?"

"तुम्हीच म्हणाला होतात, फोन करू नका. म्हटलं, एवढी माणसं आजारी आहेत, आपण कशाला मध्ये मध्ये करायचं."

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. भाऊसाहेबांनी चाचरत विचारलं, "कशी आहे मुलगी?"

"खेळते, जेवते. दूध अजून नाकातून येतं. घरात खूप बोलते, पण ते मला एकटीलाच कळतं. परवा बाहेरची मुलं तिच्या बोलण्याला हसली. तेव्हापासून परक्या माणसासमोर तोंडच उघडत नाही."

भाऊसाहेबांची नजर यादीतल्या तिच्या नावाकडे गेली. अरे, हे आपण काय करून बसलो! जिने आपला शब्द पाळला, तिच्याच लेकराच्या नावावर आपण काट मारली!

त्याच दुपारी त्यांनी सिस्टरांबरोबर जाऊन सर्जनबाईंची परवानगी घेतली आणि गाठीच्या मुलाच्या वडिलांना फोन केला. ते आधी भडकले, बघून घेईन म्हणाले. भाऊसाहेबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग त्या मुलीबद्दल सांगितलं.

"दोन वर्षांची आहे?" वडिलांनी विचारलं. "मग तिचं आधी करा. आमचं बघू नंतर."

गुरुवारी मुलीची टाळू शिवली गेली. "उशीर झालाय," सिस्टरांनी तिच्या आईला खरं तेच सांगितलं, "बोलणं शिकवायला पुढचं वर्षभर आणावं लागेल." आईने मान डोलावली आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

त्या दिवसापासून यादी डॉक्टरांच्या सल्ल्याने लागू लागली. रोज सकाळी भाऊसाहेब फोन न आलेल्या दहा घरी स्वतः फोन करत आणि मूल कसं आहे ते विचारत. तीन महिन्यांनी ती मुलगी बोलण्याच्या सरावाला आली. आईचा पदर धरून ती त्यांच्या टेबलाशी बराच वेळ उभी राहिली. मग त्यांच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाली, "पेन दे."

त्यातला 'पे' अजून नाकात अडकत होता, पण भाऊसाहेबांना तो कळला. त्यांनी पेन तिच्या हातात दिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

मंडळी, जो ओरडतो त्याचीच गरज मोठी, असं आपण फार सहज धरून चालतो. साथीत तर आणखीच. जे घर गप्प आहे तिथे आपणच फोन करायला हवा. आणि कुणा लेकरासाठी आपला नंबर मागे सरकत असेल, तर तो सरकू द्यायला हवा.