लाल बोर्डाची राखण

माझा मुलगा दिवसा ऑफिसात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात फुकट काम करतो. त्या फुकट कामाचं नाव बूटलोडर. मशीनच्या पोटातल्या बोर्डाला वीज मिळाली की सगळ्यांत आधी जागा होतो तो हा छोटा प्रोग्रॅम. तो बाकीच्यांना हलवून उठवतो आणि स्वतः बाजूला होतो. घरात सगळ्यांआधी उठणाऱ्या बाईकडे कुणाचं लक्ष नसतं, तसंच त्याचं. एखाद्या दिवशी उठला नाही तरच त्याची आठवण होते.

हा प्रोग्रॅम कुणा एकाच्या मालकीचा नाही. कुठली कुठली माणसं तो दुरुस्त करतात, एकमेकांना पत्रं पाठवतात आणि पत्रांतूनच भांडतात. ती पत्रं कुणीही वाचावीत, कुणीही उत्तर द्यावं. त्या पसाऱ्यातल्या सतरा बोर्डांचा कारभार माझ्या मुलाकडे आहे.

सतराही बोर्ड त्याच्या खोलीत एका फळीवर ओळीनं बसवलेले. दुपारी ऑफिसातून त्याचा फोन यायचा, "आई, डावीकडून चौथा. बटण दाब आणि काय येतं ते वाचून दाखव." मी अक्षरं शिकले एकसष्टाव्या वर्षी. पहिलं पुस्तक संपायच्या आत या पडद्यावरच्या ओळी वाचायला लागले. मेमरी इतकी, कार्ड सापडलं, तीन, दोन, एक. मी अडखळले तरी ओळ जागेवर थांबून राहायची, ते मला बरं वाटायचं. बोर्डात नवा प्रोग्रॅम कसा भरायचा त्याच्या नऊ पायऱ्याही त्यानं मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला चिकटवल्या होत्या. सातवी पायरी होती, "घाई करू नकोस."

आमच्या खाली, तळमजल्यावर, माझ्या धाकट्या बहिणीचा मोज्यांचा कारखाना आहे. चार मशीनं, सहा बायका. प्रत्येक मशीनला एक पत्र्याची पेटी, पेटीत एक लाल बोर्ड, आणि बोर्डात नखाएवढं कार्ड. मोज्याची टाच कुठं वळवायची, पट्टा कुठं घालायचा, सगळं त्या कार्डावर. तसली जुनी कार्डं बनायची बंद झाली होती. तिसऱ्या मशीनचं कार्ड गेलं आणि मशीन दोन महिने चादर पांघरून उभं राहिलं. दुसऱ्याचं कार्डही खोकायला लागलं होतं. नवी कार्डं मिळत होती, पण ती वाचायची अक्कल बोर्डाला नव्हती. ती अक्कल बूटलोडरच्या येणाऱ्या आवृत्तीत होती, हे मला मुलाच्या बोलण्यातूनच कळलेलं.

आणि मग एकदा जेवताना तो म्हणाला, "नव्या आवृत्तीच्या यादीतून या वेळी लाल बोर्ड काढून टाकतोय."

"का रे?"

"त्याला राखणदार नाही. प्रत्येक बोर्डामागे एक माणूस लागतो. नवी आवृत्ती आली की आपल्या बोर्डात भरायची, चालते का बघायचं, तसं लिहायचं. याच्या राखणदाराला तीन पत्रं घातली, उत्तर नाही. माझ्याकडे एक पडलाय फळीवर, पण मी किती जणांचं बघू?"

"कुणीतरी वापरत असेल की."

"असेल तर लिहील. आमच्यात असंच असतं, आई. जो लिहीत नाही, तो नाही."

खरं तर तेव्हाच सांगायचं होतं, की तुझ्या ताटाखालच्या फरशीखाली चार आहेत. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकसष्ट वर्षं मी लिहीत नव्हते, म्हणजे एकसष्ट वर्षं मी नव्हतेच की काय. याला जन्म कुणी दिला मग? त्याला न आवडणारी भाजी न विचारता आणखी दोन डाव वाढली.

दुसऱ्या दिवशी खाली जाऊन धाकटीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, त्याला सरळ सांग ना. भाचा आहे माझा."

"सांगितलं तर मावशीसाठी ठेवला असं होईल. त्याला चारचौघांत बोल लागेल."

"आणि खरं कारण?"

"त्याचा कान पिळायचाय."

"मग ठीक आहे," धाकटी म्हणाली. "पण तुझ्या कानपिळणीत माझी मशीनं घालवू नकोस. पुढच्या सोमवारी यादी बंद होणार म्हणतेस ना?"

मी फोनवर एक नवा पत्ता उघडला. नाव घेतलं, जुनं खोड. पत्र लिहायला पाऊण तास लागला: "लाल बोर्ड आम्ही रोज वापरतो. राखण मी करीन. काय करायचं ते सांगा."

सकाळी मुलगा दात घासता घासता बाहेर आला. "आई, लाल बोर्डाला एक जण उगवला. जुनं खोड म्हणे. कुणी रिटायर इंजिनिअर असणार. रिकामटेकडे असतात असले."

"असतात," मी म्हटलं.

त्याचं उत्तर मी खाली मशीनच्या आवाजात वाचलं. सुरुवातच "आदरणीय खोडसाहेब". घरात मी काही विचारलं की "तुला नाही कळायचं गं", आणि इथं आदरणीय. मी ते धाकटीला दोनदा वाचून दाखवलं. मोज्याचं टोक शिवणारी बाई, तिला सगळ्या टोकवाली म्हणतात, ती म्हणाली, "मावशी, पुन्हा वाचा." मग तिसऱ्यांदा वाचलं.

तो केबली ठेवतो त्या बिस्किटांच्या डब्यातून बोर्ड फोनला जोडायची एक केबल उचलली, कपाटावरच्या नऊ पायऱ्या कागदावर उतरवून घेतल्या, आणि तिसऱ्या मशीनची पेटी उघडली. नव्या कार्डावर पहिल्या मशीनच्या कार्डाची नक्कल घेतली, त्यात मुलानं पत्रासोबत पाठवलेला नवा प्रोग्रॅम भरला, आणि जुनं कार्ड घालून बोर्ड उठतो ना ते बघून लगेच नवं घातलं. पडद्यावर ओळी आल्या, तीन, दोन, एक, आणि दोन महिने झोपलेल्या मशीननं सुया हलवल्या. सहाजणी कामं सोडून बघायला आल्या. मी बटण दाबून पाहिलं, पुन्हा चालू. खटका बंद करून लगेच चालू केला, तरी चालू.

"लिही मग," धाकटी म्हणाली.

"उद्या सकाळी बघू दे. मशीन दुपारी कुणाचंही ऐकतं."

हे मी तीस वर्षं मशीनवर बसून शिकले. गरम मशीन गोड बोलतं, खरा स्वभाव सकाळी दिसतो. आणि सकाळी ते उठलंच नाही. पडदा कोरा. पहिल्या मशीनचं जुनं चालतं कार्ड आणून घातलं तर उठलं, म्हणजे बोर्ड धडधाकट होता. पुन्हा नवं कार्ड भरलं, चालू झालं. मग दिवसभर तेच करत बसले. खटका पटकन बंद-चालू केला तर चालतं. बंद करून कपभर चहा पिऊन चालू केलं तर चालत नाही. सहा वेळा केलं. त्या दिवशी मला चहाचा वीट आला.

धाकटीचा चेहरा उतरला. "ताई, चालतो असं लिहून टाक आणि मोकळी हो. एकदा यादीत राहिला की मग बघू."

"आणि रोज सकाळी तू काय करणार? मशीनला हात जोडणार?"

"पण बिघाड आहे म्हणून काढून टाकला तर?"

तिचं चूक नव्हतं. खोटं लिहिलं तर बोर्ड राहणार आणि मशीन जाणार; खरं लिहिलं तर कदाचित दोन्ही जाणार. मला तो शुक्रवार आठवतो, कारण एवढं छोटं पत्र इतका वेळ हातात धरून मी कधी बसले नव्हते. शेवटी लिहिलं: "लगेच चालू केला तर चालतो. कपभर चहा पिऊन चालू केला तर चालत नाही. सहा वेळा पाहिलं."

संध्याकाळी मुलगा खुर्चीत बसून हसत होता. "हे खोड म्हणजे नमुना आहे. चहात वेळ मोजतं. आई, जरा लाल बोर्डाचं बटण दाब गं." मी दाबलं. पडद्यावर तीन, दोन, एक. "बघ, माझ्याकडे चालतो. हजार वेळा चालतो."

त्यानं उत्तर लिहिलं, तेही आदरानंच, की माझ्याकडे हा दोष दिसत नाही, कदाचित आपला बोर्ड म्हातारा झाला असावा, सोमवारी दुपारपर्यंत खात्री न झाल्यास नाइलाज आहे.

म्हातारा झाला असावा. मी फळीकडे बघत उभी राहिले. इतक्या वर्षांत त्यानं मला शेकडो वेळा बटण दाबायला सांगितलं होतं. प्लग काढ असं एकदाही नाही. फळीवरचे बोर्ड बसवल्यापासून थंड झालेच नव्हते.

रविवारी आम्ही दोघं माझ्या पुतणीकडे जेवायला गेलो. तो खाली जाऊन गाडी काढेपर्यंत मी कुलूप लावायला मागे राहिले, आणि फळीचा मोठा प्लग उपटून ठेवला. पुतणीकडे मी नेहमीपेक्षा जास्त गप्पा मारल्या. पाच वाजता तो उठायला लागला तर मी म्हटलं, "बस रे, तिनं चहा टाकलाय."

घरी आलो. त्याच्या खोलीतून आवाज आला, "आई, इथला प्लग कुणी काढला?"

"मी. धूळ पुसायची होती."

त्यानं प्लग लावला. सोळा बोर्डांचे दिवे लागले. लाल बोर्डाचा पडदा कोरा. त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग खुर्ची ओढून बसला आणि तासभर नुसती बोटं चालू. मी दारातून बघितलं तर मान खाली आणि कान लाल. लहानपणी गणित चुकलं की असाच दिसायचा.

"सापडलं?"

"एका जागी शून्य भरायचं राहिलं होतं," तो म्हणाला. "बोर्ड लगेच चालू केला की मेमरीत मागचंच शून्य उरलेलं असायचं, त्यावर भागत होतं. जरा वेळ बंद राहिला की तिथं काहीही कचरा."

"म्हणजे ताट न धुता त्यातच वाढत होतास."

"हो." मग त्यानं फळीवरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. काळं झालं होतं. "धूळ कुठं पुसलीस?"

"राहिलं पुसायचं."

"आणि बिस्किटांच्या डब्यातली एक केबल तीन-चार दिवस दिसत नाहीये."

"मला काय विचारतोस? खोडसाहेबांना विचार."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवलं होतं, पण माझं तोंड आपोआप हसलं. मग सगळं सांगावं लागलं. मावशीची चार मशीनं, तिसऱ्यावरची चादर, सहा वेळचा चहा.

"मला सांगायचंस ना आधी."

"तूच म्हणालास, लिहील तो असेल. लिहिलं."

रात्रीच्या जेवणाआधी त्यानं दुरुस्ती केली. फक्त एक ओळ. मग म्हणाला, "आता राखणदार म्हणून तू लिही की चालतो. उद्या दुपारी यादी बंद होतेय."

"मी अजून पाहिलं नाही."

"आई, मी सांगतोय ना चालतो म्हणून."

"तू मागेही सांगितलंस."

सोमवारी सकाळी ऑफिसआधी तो लॅपटॉप घेऊन खाली आला. कारखान्यात तो लहान असताना यायचा. लोकरीनं शिंका येतात म्हणून नंतर आला नाही. दारातच चार शिंका दिल्या. धाकटी म्हणाली, "या कारभारी. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"मावशी, मला माहीत नव्हतं तुझ्याकडे हे बोर्ड आहेत."

"कसं असेल? मी कुठं लिहिते? मला सही करता येते, तीही वाकडी. पण मी आहे ना रे?"

"आहेस," तो म्हणाला, आणि पाचवी शिंक दिली.

त्यानं स्वतःच्या हातानं नवा प्रोग्रॅम भरला. मशीन चालू झालं. तो उठायला लागला तशी टोकवालीनं त्याच्या हातात कप दिला.

"हा कशाला?"

"तपासणी आहे," मी म्हटलं. "खटका बंद कर आणि पी. सातवी पायरी काय आहे?"

सहाजणींच्या मधोमध स्टुलावर बसून आमच्या कारभाऱ्यानं चहा घेतला. फुंकर मारून लवकर संपवायला बघत होता, पण टोकवालीनं कप काठोकाठ भरलेला. प्यायल्यावर त्यानं खटका लावला. धाकटी बघत नव्हती, भिंतीकडे तोंड करून सूत गुंडाळत होती. पडद्यावर ओळी आल्या, तीन, दोन, एक, आणि सुया हलल्या. तिनं आवाजावरूनच ओळखलं आणि मग वळली.

मी तिथंच बसून लिहिलं, "चालतो. थंडही चालतो." त्यानं शेजारी उभं राहून वाचलं आणि एका शब्दाची चूक दाखवायला बोट पुढं केलं. मग बोट मागे घेतलं.

आता तिसऱ्या मशीनवरची चादर इस्त्रीच्या टेबलाला गेली आहे आणि राखणदारांच्या यादीत लाल बोर्डासमोर माझा पत्ता आहे. मागच्या महिन्यात मुलानं लाल बोर्डासाठी आणखी एक सुधारणा पाठवली. मी ती परत पाठवली: "थंड करून पाहिलंत का? कळवा. जुनं खोड."

पलीकडच्या खोलीतून हाक आली, "आई, पाहिलंय गं."

मी ओ दिली नाही. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, जरा मोठ्यानं. मी फोन समोर ठेवून भाजी निवडत बसले. सांगायचं असेल तर लिहील.