सतरावा घटक

"यात आपली बाग कुठली गं?" सभागृहातल्या पडद्यावरच्या नकाशाकडे मान वर करून दादाने विचारलं.

तिने बोट दाखवलं. नदीच्या वळणाला बिलगलेला तुकडा, सगळा हिरवागार.

"म्हणजे एकही झाड आजारी नाही?" दादा खुर्चीत सैल झाला. "तुझी वहिनी उगाच जीव टांगणीला लावून बसलीय. तिला कळवून येतो." तो फोन घेऊन सभागृहाबाहेर गेलासुद्धा.

त्या बागेचा एक कोपरा लाल दिसायला हवा होता.

विमानातल्या कॅमेऱ्याने प्रत्येक झाड दोनशेहून अधिक रंगांत टिपलं होतं. एवढ्या गर्दीत संगणक गोंधळतो, म्हणून त्या रंगांचं सार काढून मोजकेच घटक ठेवायचे; मोठे फरक दाखवणारे आधी. पण पानावर डाग पडण्याआधीचा रोग हा फार बारीक फरक. तो थेट सतराव्या घटकात उमटत होता. तेवढी झाडं वेळेत तोडली तर शेजारची वाचणार होती. "वीस तरी ठेवा," तिने प्रकल्पप्रमुख सरांना विनवलं होतं. "ठेवू की," सर म्हणाले होते, दादाच्याच बागेत, दादाने हातावर ठेवलेलं फळ खात. नकाशाची शेवटची जुळणी सरांनी स्वतः केली. आणि तिच्या शब्दावर दादा करवत बाजूला ठेवून नकाशाची वाट बघत राहिला.

चहाच्या सुट्टीत तिने सरांना गाठलं.

"सर, घटक किती ठेवलेत?"

"दहा."

"आणि आजारी झाडांचा वर्ग?"

"निरोगी झाडांत घातला. सगळ्या चुका तिथेच तर होत होत्या! आता अचूकता बघा, शहाण्णव टक्के. मूठभर झाडांपायी निकाल पाडायचा का? तुमचंही नाव घातलंय की."

"ती झाडं माझ्या भावाची आहेत."

"माहीत आहे मला," म्हणत सर पुढच्या पाहुण्याकडे वळले.

त्यांना माहीत नसतं, तर तिने मनावर घेतलं नसतं.

व्हरांड्यात दादा फोनवर हसत होता. "अगं, आपल्या पोरीचं नाव आहे त्यावर! मग?"

"दादा, फोन ठेव. तो नकाशा खोटा आहे."

तिने लॅपटॉप उघडून सतरावा घटक धरून चाचणीपुरता काढलेला स्वतःचा कच्चा नकाशा दाखवला. कोपऱ्यात लाल ठिपके होते. दादाचं हसू हळूहळू मावळलं.

"सर आपल्याकडे जेवले होते ना गं?"

तिने लॅपटॉप त्याच्याकडे आणखी वळवला.

"फोटो कधीचा हा?"

"फुलोऱ्याच्या वेळचा."

"आता तर फळं उतरली. म्हणजे रोग कुठवर गेला असेल?"

"ते मला नाही सांगता येणार, दादा."

दादा लॅपटॉपवर वाकला. मग लाल ठिपके सोडून खूप अलीकडे, भर हिरव्यातून, त्याने सावकाश बोटाने रेघ ओढली.

"इथपासून पुढची सगळी तोडतो," तो म्हणाला, आणि बोट तिथेच ठेवून उभा राहिला.