विमानापासून लांब

एकाहत्तरच्या लढाईत माल आणि जवान घेऊन लेहकडे निघालेलं विमान बर्फाच्या वादळात हरवलं. त्यात लूर्डसचा भाऊ प्लासिड होता. ती तेव्हा शाळेत होती. विमान डोंगरात कुठं पडलं, कुणालाच कळलं नाही. पाचूबंदरच्या घरात आईनं पुढचं सगळं आयुष्य एकाच समजुतीवर काढलं. विमान कड्यावर आपटलं असेल, पोराला काही कळलंसुद्धा नसेल.

आई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली होती. यंदा तिकडचा बर्फ वितळला आणि विमान सापडलं. मिळालेला एक देह प्लासिडचाच, अशी लूर्डसचं रक्त तपासून खात्री झाली, तेव्हा एक मराठी मेजर घरी आला. पडद्याआड थोरला भाऊ ऑगस्टीन अंथरुणाला खिळून होता.

"ताई, देह अख्खा आहे," मेजर म्हणाला.

"इमानातच होता ना?"

"नाही. तिथून बराच खाली, एका कपारीत. पाय मोडला होता. त्याला पत्र्याची पट्टी बांधून ते उतरत आले. फार शूर होते, ताई."

लूर्डसनं चहाची बशी खाली ठेवली. "म्हंजे जित्ता होता? किती दिस?"

"ते सांगता येत नाही."

"आनि शोधायचं कवा सोडलं तुमी?"

"हवामान फार वाईट होतं," एवढंच तो म्हणाला. तेव्हा तो जन्मलाही नसेल. लूर्डसला त्याचीच कीव आली.

तो गेल्यावर ती आत गेली. ऑगस्टीननं विचारलं, "लगेच गेला ना गो आपला प्लासिड?"

"लगेच, दादा."



दफनाला सगळा गाव लोटला. बिगुल वाजला, बंदुका झडल्या. आईच्याच कबरीत त्याला ठेवलं. देवानं लेकराला आईच्या कुशीत परत आणलं, असं फादर म्हणाले आणि बायका रडल्या. "नशीब तुजं बाय, हाती तरी लागला," असं जी ती गळ्यात पडून सांगत होती. लूर्डस मान हलवत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, मोडका पाय ओढत, कुणी येतंय का बघत खाली उतरणारा प्लासिड.

संध्याकाळी तिनं ऑगस्टीनपुढं पेज नेली. त्यानं वाटी बाजूला सारली.

"खोटं कशाला बोललीस? पडद्याआडून मी समदं आयकलं."

ती खाटेच्या कडेला बसली.

"आई आदी गेली ते बरं झालं," तो म्हणाला.

"तिच्याच बाजूला ठेवून आलो त्याला," लूर्डस म्हणाली. "आता त्योच सांगल तिला."

ऑगस्टीन तोंडावर हात घेऊन रडायला लागला. आजवर या घरात कुणी रडलं, की 'पोराला काही कळलंसुद्धा नसेल' असं म्हणून रडणाऱ्याला गप्प करायचे. आज लूर्डसला तेही म्हणता येत नव्हतं.