वांगी रंगाचा पोपट

मी पोपट बोलतोय. तसा जन्मभर मी नुसती चोच हलवली, बोलायची मावशी. आज पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने बोलतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मी कापडी पोपट, हातात घालायचा. मावशी टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम करायची. त्यासाठी तिने मला घरातल्या जुन्या पडद्यातून बेतलं. पडदा वांगी रंगाचा, म्हणून मीही वांगी. चित्रण रंगीत व्हायचं, पण घरोघरी टीव्ही काळे-पांढरे. पोपट म्हटल्यावर लोकांनी मला मनातल्या मनात हिरवा करून टाकलं. माझी काही हरकत नव्हती.

कार्यक्रम बंद पडला. मावशीच्या मुलाने एकदा मला शाळेत नेलं आणि वांगी पोपट बघून पोरं फिदीफिदी हसली. घरी येऊन पठ्ठ्याने खिडक्यांसाठी आणलेला हिरवा रंग मला फासला आणि पुढे साफ विसरून गेला. मावशीने माझ्या पोटात चिंध्या भरल्या, खालून टाके घातले आणि मला काचेच्या कपाटात बसवलं.

मावशीचे केस पिकले. “पोपट वांगी होता,” ती म्हणायची, आणि मुलगा-सून एकमेकांकडे बघायची. हळूहळू तिच्या कुठल्याच शब्दाला घरात किंमत उरली नाही. “गॅस बंद केलाय मी,” म्हणाली तरी सून जाऊन बघून यायची. मला फार वाईट वाटायचं. पण आत हातच नाही, तर चोच हलणार कशी?

मग एक दिवस टीव्ही केंद्रातून एक तंत्रज्ञ मुलगी आली. आमच्या रंगीत टेपा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. उरली होती काळ्या-पांढऱ्या फिल्मवरची नक्कल. पण नक्कल होताना चित्रावर रंगांच्या संकेताचे बारीक ठिपके उमटले होते, आणि त्या ठिपक्यांवरून संगणक मूळ रंग शोधून काढतो म्हणे.

“मावशींचा चेहरा, खुर्ची, भिंत, सगळं नीट आलंय,” ती काळजीने म्हणाली. “पोपट तेवढा जांभळा येतोय. साहेब म्हणतात, हिरवा करून टाक. म्हटलं, आधी खरा बघून येते.”

मुलाने मला बाहेर काढलं. “हा बघा, हिरवाच की! आईचं मनावर घेऊ नका. वय झालंय.”

“कात्री आण,” मावशी म्हणाली.

भर दिवाणखान्यात माझे टाके उसवले, चिंध्या उपसल्या आणि मला चक्क उलटं केलं. अब्रू म्हणून काही शिल्लक राहिली नाही. पण आतून मी होतो तसाच होतो. वांगी!

“ठिपके खरं बोलत होते!” मुलीने टाळ्या पिटल्या.

“मग हिरवा कुणी केला?” सुनेने विचारलं.

“खिडक्यांचा रंग कुणी संपवला होता रे?” मावशीने मुलाला विचारलं.

 मुलाच्या कानांचा रंग ओळखायला संगणक लागला नसता.

“चुकलं माझं, आई. यापुढे तू म्हणशील ते खरं.”

मावशीने डोळे पुसले. पोटातल्या चिंध्या काढलेल्या असूनही मला भरून आलं.

“मग सूनबाई, माझ्या चहात साखर घाल,” मावशी म्हणाली. “डॉक्टरांनी परवानगी दिलीय. कधीची सांगतेय मी!”

सून निमूटपणे साखरेचा डबा काढायला गेली.

आता मी पुन्हा कपाटात आहे, उलटा आणि वांगी. डॉक्टर आले तेव्हाही इथेच होतो. त्यांनी परवानगी-बिरवानगी काही दिलेली नाही. पण मंडळी, इतक्या वर्षांनी बाईच्या शब्दाला किंमत आलीय. मी चोच उघडणार नाही. तुम्हीही उघडू नका.