गाळलेलं प्रकरण

साधनाताईंनी आतल्या खोलीचं दार हलक्या हातानं ओढून घेतलं, तरी कडी वाजलीच. सोफ्यावर बसलेल्या हर्षालीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. पांढरी काठी घडी करून तिनं मांडीवर ठेवली होती. समोरच्या चहाला अजून हात लावला नव्हता.

"आत कुणी झोपलंय का?"

"आमचे हे आहेत. बरं नसतं त्यांना. जरा हळू बोलू."

हर्षाली हळू बोलली. पण पिंपळगावहून एसटीनं आणि पुढे निमाणी स्टँडवरून रिक्षा करून ती एकटी जे सांगायला आली होती, ते तिनं मऊ केलं नाही. एम.ए.च्या वर्गात तिला साधनाताईंनी वाचून पाठवलेल्या एका जुन्या कादंबरीवर बोलायचं होतं. विषय होता, नायकाचे दोष. दुष्काळात घरातलं धान्य वाटून गाव जगवणारा तो माणूस. त्याच्यात दोष शोधणं हाच अन्याय आहे, असं तिनं एकेक मुद्दा घेऊन मांडलं. तिचं झाल्यावर सरांनी विचारलं, सतरावं प्रकरण वाचलंस का? वर्ग हसला. ऐकून शिकणाऱ्यांचं हे असं होतं, एवढंच बोलून सर पुढच्या मुलाकडे वळले. उद्या सकाळी तोंडी परीक्षा होती आणि समोर तेच सर असणार होते.

"मॅडम, ते प्रकरण तुमच्याकडून राहून गेलं, की तुम्ही गाळलं?"

साधनाताईंची सारी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्या दृष्टिहीन मुलांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून फोनवर रेकॉर्ड करत. 'राहून गेलं असेल गं,' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. वय झालं, पानं चिकटली, काहीही सांगता आलं असतं.

"तुम्ही पान उलटता ते ऐकू येतं मला," हर्षाली म्हणाली. "तिथं तुम्ही थांबलात आणि मग एकामागून एक पानं उलटत गेलात. मला वाटलं, मॅडम काहीतरी शोधतायत."

"गाळलं," साधनाताई म्हणाल्या.

"का?"

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं.

सतराव्या प्रकरणात गाव त्या नायकाचा सत्कार करतं. भर सभेत त्याचा घर सोडून गेलेला मुलगा येऊन उभा राहतो. आलेले पाहुणे विचारतात, हा कोण? आणि बाप म्हणतो, असेल कुणी वाटसरू.

निफाडला पुतणीच्या लग्नात साधनाताईंचे यजमान ललितराव असंच काहीतरी म्हणाले होते. द्राक्षांच्या व्यापारात त्यांचं नाव होतं, चार माणसं उठून नमस्कार करत. एकुलत्या एका मुलानं, रुद्रनं, मर्जीबाहेर, जातीबाहेर लग्न केलं आणि तो पुण्याला राहिला. पुतणीच्या लग्नाला तो आमंत्रण नसताना आला. बापाजवळ येऊन उभा राहिला, तेव्हा शेजारच्या बड्या पाहुण्यानं सहज विचारलं, हे कोण? ललितराव म्हणाले, मांडववाल्याचा माणूस. रुद्रनं ते ऐकलं. जवळच्या दोन रिकाम्या खुर्च्या त्यानं एकीत एक घातल्या, उचलून भिंतीशी नेऊन ठेवल्या आणि फाटकातून निघून गेला. अक्षतांचं ताट हातात धरून साधनाताई ते पाहत उभ्या होत्या.

त्यानंतर या घरात त्या दिवसाचा विषय कधी निघाला नाही. रुद्र आईला फोन करी, तोही ती बाहेर असेल तेव्हा. पुढे ललितरावांना पक्षाघात झाला, उजवी बाजू अधू झाली. दुपारी साधनाताई दिवाणखान्यात वाचत आणि ते आत पडून ऐकत. ते प्रकरण जवळ येताना दिसलं, तेव्हा त्यांच्या हातानं आपोआप पानं उलटली होती.

यातलं त्या हर्षालीला काही सांगू शकल्या नाहीत.

"घरात ऐकणारं माणूस होतं," एवढंच म्हणाल्या.

"मग त्यांना वाचवलंत तुम्ही, आणि वर्गात मी सापडले."

साधनाताईंनी कपाटातून पुस्तक काढलं. प्रकरणात काय आहे ते आत्ता थोडक्यात सांगते, असं त्या म्हणाल्या. हर्षालीनं मान हलवली.

"सांगू नका. वाचा. बाकीच्या मुलांनाही हवंय ते."

तिनं फोन चाचपून टीपॉयवर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

साधनाताई वाचू लागल्या. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आज त्या आतल्या खोलीपर्यंत जाऊ नये इतका खाली ठेवत होत्या. हर्षाली पुढे झुकली, आणि मोठ्यानं वाचा असं तिनं हातानंच सुचवलं. सभा भरली. हार आले. मुलगा गर्दीतून वाट काढत पुढे आला. आत पलंग करकरला, तशा साधनाताई थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. पाहुण्यांनी विचारलं. बापानं उत्तर दिलं. ते उत्तर त्यांनी कसंबसं वाचलं आणि परिच्छेदाची शेवटची ओळ सोडून त्या पुढच्या परिच्छेदावर गेल्या.

"एक वाक्य राहिलं."

आवाज आतून आला. मग चौकटीला डावा हात टेकून ललितराव दारात उभे राहिलेले दिसले. पक्षाघातानंतर त्यांचा एकेक शब्द वेगवेगळा, ओढून आणल्यासारखा येई.

"'त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.' ते राहिलं."

साधनाताईंच्या हातातलं पुस्तक मिटलं. "तुम्ही कधी वाचलंत?"

"तू पानं उलटलीस, त्याच दिवशी. तू भाजीला गेल्यावर."

हर्षाली त्या नव्या आवाजाकडे तोंड करून बसली होती. तिच्या डोक्यात उद्याची परीक्षा होती. "काका, बरं झालं सांगितलंत. ते वाक्य महत्त्वाचं आहे. नायकाला पश्चात्तापसुद्धा झाला नाही, असा अर्थ निघतो त्याचा."

"खोटं हाय ते," ललितराव म्हणाले.

"काय खोटं?"

"ते वाक्य. लिहिणाऱ्याला माहीत नाय. झोप लागत नाय."

बाहेर रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग हर्षाली स्वतःशी बोलावं तशी म्हणाली, "कादंबरीच्या शेवटी तो मुलाच्या दारापर्यंत चालत जातो. मला वाटायचं, सहज भेटायला गेला असेल."

ललितरावांनी खुर्चीची पाठ पकडली. साधनाताई उठायला लागल्या, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि ते हळूहळू स्वतःच बसले.

हर्षालीचं बोट फोनवर गेलं. तिचा आवाज आता बदलला होता. "मॅडम, काकांचं बोलणं आलंय यात. ग्रुपवर टाकायच्या आधी तेवढं काढून टाकू का? नाहीतर सगळी मुलं ऐकतील. विचारतील, हे कोण बोलतायत म्हणून."

साधनाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. ओठ हलत होते, पण शब्द यायला वेळ लागत होता.

"राहू दे," ललितराव म्हणाले. "विचारलं, तर सांग." ते थांबले, श्वास घेतला. "रुद्रचा बाप."

साधनाताईंनी पुस्तक उघडलं. मघाची ओळ त्यांना सापडेना.

"थांब हं जरा," त्या हर्षालीला म्हणाल्या, आणि चष्मा काढून पदरानं पुसू लागल्या.